खाणीतलं ते

ताईनं आयुष्यभर सिनेमासाठी मुडदे, मुंडकी आणि राक्षस बनवले, पण कुणाचं चांगलं झालेलं आपल्या डोळ्यांत कधी खुपलं नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. ते बरंचसं खरंही होतं. तिच्या कामात तिच्या तोडीचं कुणी नव्हतंच, मग हेवा करायचा कुणाचा? टायरच्या दुकानामागच्या तिच्या शेडमध्ये भिंतीवर कापलेले हात टांगलेले असत, फळीवर कानांच्या जोड्या मांडलेल्या असत, आणि मधल्या टेबलावर चहाचा कप नेहमी कुणाच्या तरी कवटीशेजारी निवत पडलेला असे. साचा कसा ओतायचा हे तिला आईनं शिकवलं. आई दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवायची. परक्यांचे दात बघत लहानाची मोठी झालेली मुलगी पुढे राक्षस बनवायला लागली, यात नवल ते काय.

धाकटा भाऊ तिच्याहून बराच लहान. कान मोठे म्हणून सगळे त्याला कान्या म्हणत, आणि पुढे तो सिनेमांचे आवाज करायला लागला तेव्हा ते नाव त्याला शोभूनच गेलं. वडील लवकर गेले. ताईच्या पहिल्या कमाईतून त्याची शाळेची पुस्तकं आली, आणि तिच्याच ओळखीनं त्याला एका स्टुडिओत वायरी गुंडाळायचं काम मिळालं. "माझं बोट धरून चालायला शिकलाय तो," असं ती म्हणायची, आणि तो समोर असला की जरा मोठ्यानं म्हणायची.

एके दिवशी एक दिग्दर्शिका शेडमध्ये आली. उंच, शांत, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारी. सगळं युनिट तिला बाई म्हणायचं. बाईंनी एका जुन्या लेखकाची कथा आणली होती. लेखक कधीच मरून गेलेला, पण त्याच्या कथा वाचून माणसं अजून दिवा चालू ठेवून झोपत.

कथा अशी होती. पाण्यानं भरलेल्या एका जुन्या दगडाच्या खाणीची खोली मोजायला एक मोजणीदार येतो. दोरी सोडत जातो, सोडत जातो, तळ काही लागत नाही. मग एकदा लागतो. दुसऱ्या दिवशी तोच तळ थोडा वर आलेला असतो. तिसऱ्या दिवशी आणखी वर. तेव्हा त्याच्या लक्षात येतं, की आपण मोजतोय तो तळ नाहीच.

ही भुताची गोष्ट नाही, असं बाईंनी समजावलं. भुताचं माणसाशी काहीतरी वाकडं असतं. ते सूड घेतं, काही मागतं, त्याला शांत करता येतं. खाणीतल्या त्याला माणूस म्हणून कुणी आहे याचा पत्ताच नाही. ते नुसतं कूस बदलतं आणि वस्ती बुडते. शेवटी मोजणीदार त्याला बघतो, आणि नेमका तिथे म्हातारा लेखक हात वर करतो. जे दिसलं त्याला आकार म्हणता येणार नाही, असं लिहून मोकळा होतो. या जातीच्या कथांवरचे बरेच सिनेमे इथेच तोंडावर आपटले होते. लेखकाला सांगता येत नाही असं म्हणून सुटता येतं, कॅमेऱ्याला नाही. त्याच्यासमोर काहीतरी ठेवावंच लागतं, आणि ठेवलं की ते रबर दिसतं.

"तुम्ही केलेलं रबर दिसणार नाही," बाई म्हणाल्या. तेवढ्या एका वाक्यावर ताई कामाला लागली.

तिनं मातीची कितीतरी रूपं केली आणि मोडली. त्याला डोळे द्यायचे नाहीत हे तिनं आधीच ठरवलं; ज्याला आपण दिसतच नाही त्याला डोळे हवेत कशाला. कातडीचा रंग गालाच्या आतल्या बाजूचा घेतला, ओला आणि फिकट. तोंडापाशी मात्र ती अडली. दात लांब केले तर जत्रेतला राक्षस वाटे, बारीक केले तर मासा. शेवटी आईलाच शेडमध्ये आणून बसवलं. आईला आता ऐकू कमी यायचं, पण नजर शाबूत होती. तिनं मातीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, दात काढून टाक. दात आहेत म्हणजे त्याला आपल्याला खायचं आहे. नुसत्या हिरड्या ठेव. ताईनं तसं केलं आणि रात्री घरी जाताना शेडला कुलूप लावून पुन्हा एकदा ओढून पाहिलं. आपणच केलेल्या वस्तूची भीती वाटायची तिची ही पहिलीच वेळ.

याच सुमाराला बाईंचा ध्वनिमुद्रक दुसऱ्या मोठ्या कामावर निघून गेला. बाई काळजीत होत्या. ताई म्हणाली, माझा भाऊ आहे, हुशार आहे, एकदा बघा तरी. पायावर धोंडा पाडून घेण्याची ही तऱ्हा पुढे तिला पुन्हा पुन्हा आठवली. धोंडा तिनंच उचलला होता, आणि तोही कौतुकानं.

शूटिंग एका मोठ्या हौदात झालं. ताईच्या त्या धुडाच्या आत पाच माणसं शिरली, तोंडात श्वासाच्या नळ्या धरून. दिवे मंद केले, पाणी काळं केलं, आणि ते हळूहळू वर आलं. युनिट आधी एक पाऊल मागे सरलं, आणि मग टाळ्या. प्रकाशयोजना करणारा जाडजूड माणूस, जो कशालाच बरं म्हणत नसे, तोही येऊन ताईचा हात हातात घेऊन गेला. ताईनं कान्याला शोधलं. तो हौदाच्या दुसऱ्या टोकाला उकिडवा बसला होता. कानांवर हेडफोन, एक हात हौदाच्या पत्र्यावर टेकलेला, आणि डोळे मिटलेले. त्यानं काही पाहिलंच नव्हतं.

नंतर तिनं त्याला हसत हसत विचारलं, काय रे, झोपला होतास का? तो म्हणाला, नाही ताई, पत्रा कसा बोलतोय ते ऐकत होतो. तिनं ते हसण्यावारी नेलं, पण मनात एक कुसळ राहिलं ते राहिलंच.

मग सिनेमा जोडून झाला आणि बाईंनी ओळखीच्या वीसेक माणसांना बोलावून दाखवला. ताई शेवटच्या रांगेत बसली होती, लोकांचे चेहरे बघायला. पाणी हललं, ते वर आलं. पुढच्या रांगेतली एक तरुणी दचकली. ताईचं काळीज सुपाएवढं झालं. पण ते वर येत राहिलं, पडदाभर झालं, आणि कुणीतरी हळूच हसलं. मग दुसरं कुणीतरी. वाईट हेतूनं नव्हे, सुटका झाल्यावर माणूस हसतो तसं. म्हणजे हे होतं होय, असं.

थोड्या वेळानं बाईंनी तोच भाग पुन्हा लावला, पण चित्र झाकून. पडद्यावर नुसतं काळं पाणी आणि कान्याचा आवाज. इमारतींच्या गच्चीवरच्या रिकाम्या टाक्यांवरून त्यानं ओले दोर ओढले होते. तो आवाज खऱ्या खाणीत नेऊन मोठ्यानं वाजवला होता, आणि दगडांनी जे परत दिलं तेवढंच पुन्हा उचललं होतं. ते धड गुरगुरणं नव्हतं, धड श्वासही नव्हता. काहीतरी अतिशय मोठं, घाई नसलेलं, आपल्या अंगाखालून जात होतं. मघाशी हसलेल्या माणसानं पाय उचलून खुर्चीवर घेतले.

दिवे लागले तेव्हा बाई कान्याकडे बघत म्हणाल्या, "याला कळली गोष्ट."

बस. एवढंच. पण ताईच्या कानात ते वाक्य तापलेल्या तेलासारखं गेलं. याला कळली. म्हणजे बाकीच्यांना कळली नाही. म्हणजे जिनं डोळे काढले, दात काढले, महिनोन् महिने रबराच्या वाफेत डोकं धरून बसली, तिला कळली नाही.

त्या आठवड्यात बाईंनी शेडमध्ये येऊन स्वतःच सांगितलं, की ते दिसणार नाही. पाण्यावर एक तवंग दिसेल, बाकी सगळं आवाजावर. तुमचं काम चांगलं आहे, असंही त्या म्हणाल्या, आणि हातांकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं. ताईनं चहा विचारला, टेबल पुसलं, त्या गेल्यावर त्या धुडावर ताडपत्री टाकली. रडली नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून भावाचं काहीही तिला सहन होईना. तो जेवायला घरी यायचा तेव्हा बोटांनी टेबल वाजवून बघायचा, ताट वाजवायचा, दाराची कडी दोनदा हलवायचा. लहानपणापासूनची सवय. कधीकाळी ताईला त्या सवयीचं कौतुकसुद्धा होतं. आता प्रत्येक टकटक तिच्या डोक्यात जाई. त्यात आईची भर. शेजारीपाजारी, दूधवाला, जो भेटेल त्याला आई सांगायची, माझ्या मुलानं असा आवाज केलाय की मोठमोठी माणसं टरकली. स्वतः तिला दारावरची घंटा ऐकू येत नसे.

"तू ऐकलायस का तो?" ताईनं एकदा विचारलं.

"मला कुठलं ऐकू येतंय," आई म्हणाली. "पण चांगलाच असणार. पहिल्यापासून गुणी आहे तो."

हिरड्यांचं नाव कुणी काढलं नाही. आईनंही नाही.

कान्यानं एक-दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. ताई, तुझं ते, असं म्हणून तो थांबला, आणि ताई म्हणाली, अरे सोड, धंद्यात चालायचंच. पुढे एका मासिकात त्याचा फोटो आला, माइक आणि वायरींमध्ये बसलेला. आईनं तो कापून आरशाला चिकटवला. आता सकाळी केस विंचरतानासुद्धा ताईच्या तोंडाशेजारी भावाचं तोंड.

शेवटी ती उठली आणि निर्मात्याकडे गेली. सगळे त्याला शेठ म्हणत. त्याच्या कचेरीत गुबगुबीत खुर्च्या होत्या आणि भिंतीवर चाललेल्या सिनेमांची पोस्टरं. पडलेल्यांची अर्थातच नव्हती. ताई खोटं काही बोलली नाही, हे तिनं नंतर स्वतःला बरेचदा बजावलं. तिनं फक्त विचारलं, की एवढा खर्च करून केलेली वस्तू लोकांना दाखवायचीच नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? लोक राक्षस बघायला येणार आणि काळं पाणी बघून घरी जाणार. पोस्टरवर तरी काय छापाल, आवाज? शेठ आधी हसले, मग हसायचे थांबले. ते आपल्या टकलावरून हात फिरवायला लागले तेव्हा काडी पेटली हे ताईला कळलं. जिना उतरताना तिला इतकं हलकं वाटलं, की कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं आईसाठी फुलं घेतली.

बाई भांडल्या. शेवटचा शब्द कुणाचा हे करारात स्पष्ट होतं, आणि तो शेठचा होता. खाणीतलं ते पुन्हा सिनेमात आलं, नुसतं आलं नाही तर वाढून आलं. शेठनी ते मधेमधेही पेरलं. पोस्टरवर दुसरं काही नव्हतंच.

पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला ताई तिकीट काढून गेली. निम्मं थिएटर भरलेलं होतं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा लोक गप्प होते. दुसऱ्यांदा कुजबुज झाली. शेवटी ते पूर्ण वर आलं, आणि मागून एक जाड आवाज निवांतपणे म्हणाला, "अरे, ही तर भिजलेली गादी."

सगळं थिएटर फुटलं. एकदा हसू सुटलं की ते आवरत नाही. त्यानंतर मोजणीदार वेडा झाला, वस्ती बुडाली, लोक हसतच होते. त्या हसण्याखाली कुठेतरी कान्याचा आवाज चालू होता. ताईनं कान देऊन पाहिलं. काही ऐकू आलं नाही.

हीच तर तुझी इच्छा होती, असं तिचं मन तिला म्हणालं. तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सिनेमा आठवड्यात उतरला. लोकांच्या फोनांवर तेवढी त्या गादीची चित्रं फिरत राहिली. कुणी तिच्यावर उशी ठेवली, कुणी तिला पांघरूण घातलं. गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीनं ताईला फोन करून विचारलं, की जाहिरातीसाठी ते भाड्यानं मिळेल का. ती नाही म्हणाली आणि फोन उलटा ठेवला. बाई कुठेतरी दूर निघून गेल्या असं कळलं.

कान्या एका सकाळी शेडमध्ये आला. त्याला नवं काम मिळालं होतं, परदेशातल्या कुणीतरी त्याचा आवाज वेगळा मागवून ऐकला होता. म्हणजे तेवढंही तिला बुडवता आलं नव्हतं. तो स्टुलावर बसला, आणि नेहमीसारखं काही वाजवलं नाही.

तो म्हणाला, शेठनी मला आधी विचारलं होतं. तू त्यांच्याकडे गेलीस त्याच दिवशी. तुझी बहीण असं म्हणते, तुझं काय म्हणणं, असं.

ताईच्या हातातला ब्रश थांबला. "मग तू काय सांगितलंस?"

"घाला म्हणालो."

"बाईंना कळलं हे?"

"मीच सांगितलं त्यांना. अजून बोलत नाहीत माझ्याशी."

तिनं ब्रश खाली ठेवला. मग तिनं विचारलं, का. तो खांदे उडवत म्हणाला, "तू केलं होतंस ना ते. मला काही ते नीट दिसत नाही, ताई, माझं डोकं कानात आहे. पण तू रात्ररात्र बसली होतीस ते पाहिलंय मी. म्हटलं, लोकांना दिसू दे."

दुसरं कुणी असतं तर इथे गळ्यात पडलं असतं. ताईला मात्र असा काही संताप आला की तिचे कान तापले. त्यानं तिला चार शब्द सुनावले असते, तोंड बघायचं बंद केलं असतं, तर हिशेब बरोबरीत सुटला असता. तिनं त्याला पाण्यात पाहिलं होतं, आणि हा पठ्ठ्या आपलं सगळं काम तिच्यासाठी सोडून देऊन मोकळा झाला होता. तेही न सांगता. आवाज त्याचा, नाव त्याचं, आईसुद्धा त्याचीच, आणि आता मोठेपणही त्यानंच उचललं होतं. थोरली ती होती. तो तिचा हक्क होता.

"तुला कुणी सांगितला होता शहाणपणा?" एवढंच ती म्हणाली.

"कुणीच नाही," कान्या म्हणाला, आणि चहा ठेवायला उठला.

पुढच्या वर्षी बाई परत आल्या. शेठला त्या सिनेमाचं आता काही पडलं नव्हतं. त्यांनी हक्क जवळजवळ फेकल्यासारखेच बाईंना देऊन टाकले. बाईंनी सिनेमा पुन्हा आपल्या मनासारखा जोडला आणि एका लहानशा सभागृहात दुपारी दाखवायचं ठरवलं. कान्याशी त्या बोलायला लागल्या होत्या. ताईलाही निरोप आला. जायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. निदान खोट तरी काढता येईल.

तिला सगळं पाठ होतं. कुठल्या क्षणी पाणी हलतं, कुठल्या क्षणी आतल्या पाच माणसांपैकी डावीकडचा पाय टेकतो. पडदा काळा झाला, आवाज आला, आणि तिनं डोळ्यांसमोर आपलं ते आणायचा प्रयत्न केला. फिकट कातडी, हिरड्या, पाठीवरची शिवण. ते आलं नाही. दुसरंच काहीतरी आलं. त्याला कातडी नव्हती, कड नव्हती, ते सभागृहाच्या जमिनीखालून निघालं होतं आणि त्याला टायरचं दुकान, शेड, ती, तिचा भाऊ, कोण कुणाहून चांगला, यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ताईनं शेजारच्या अनोळखी माणसाचं मनगट धरलं. त्यानंही सोडवून घेतलं नाही.

दिवे लागल्यावर कुणीच लगेच उठलं नाही. बाई लांबून ताईच्या हातांकडे बघत होत्या. ताईनं हात पिशवीत घातले आणि दाराकडे निघाली.

दारात कान्या उभा होता, लहानपणी निकालाच्या दिवशी उभा राहायचा तसा, एका पायावर भार देऊन.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं.

तिला पुष्कळ काही सांगता आलं असतं. घशाशी आलंही होतं. पण त्याच्या मागे बाई येत होत्या, त्यांच्या मागे चार माणसं त्याला हात मिळवायला येत होती, आणि ताईचा जीव पुन्हा आतल्या आत चरचरला.

"आवाज जरा जास्त होता," ती म्हणाली.

"हो ना? मलाही तीच शंका होती," कान्या मनापासून म्हणाला. "शेवटाकडे ना? कमी करतो."

ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. समोर एक माणूस दुकानाचं शटर वर करत होता, दोन बाया छत्रीच्या दुरुस्तीवरून घासाघीस करत होत्या, सगळं जिथल्या तिथे होतं. तरी तिनं एकदा पायाखालच्या रस्त्याकडे खाली पाहिलं. ती थांबली, वळली, आणि परत पायऱ्या चढून गेली. कान्या माणसांच्या घोळक्यात होता. तिनं कोपरानं वाट काढली, त्याची बाही ओढली.

"कमी बिमी काही करू नकोस," ती म्हणाली, आणि तेही रागानंच म्हणाली.